कंडक्टरकडे दिलेला नकार

वडिलांनी मला आयुष्यात एकच मुदत दिली, ती शनिवार संध्याकाळची. "शनिवारी पाहुणे सुपारी फोडायला येतायत. तोवर तुझ्याकडून काही उलट आलं नाही तर मी होकार धरीन," असं म्हणून त्यांनी टोपी घातली आणि ते ड्युटीवर निघून गेले. मी पिशवी उचलून तलासरीच्या गाडीत बसले. होकार द्यायचा तर मला काहीच करायचं नव्हतं; गप्प राहिलं की लग्न ठरलं. नकार मात्र शनिवारच्या आत तलासरीहून डहाणूला पोचायला हवा होता, आणि तिथे पोचल्यावर तो कुणीतरी कानावर घ्यायला हवा होता. मला धास्ती होती ती या दुसऱ्या गोष्टीची.

महाराष्ट्र होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. वडील डहाणू रोड स्टेशनात पार्सलबाबू होते आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी तलासरीच्या शाळेत मास्तरीण होते, एकवीस वर्षांची, हेडमास्तरांच्या घरालगतच्या खोलीत राहणारी. सकाळी घंटा वाजली की पन्नास पोरं एका सुरात "नमस्ते बाई" म्हणत, तेव्हा मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. बोलायची सोय नव्हती.

मुलगा ठाण्याला कचेरीत कारकून होता. स्थळ आणलं होतं एका चिकूच्या व्यापाऱ्याने. त्याच्या करंड्या रोज वडिलांच्या हाताखालून मुंबईला जात, त्यामुळे दोघांचा चांगला घरोबा होता. पाहायला आले तेव्हा मुलाने टेबलावरचा पेपर उचलला आणि डोळ्यांसमोर धरला, तो पोहे येईपर्यंत खाली केला नाही. पेपर आदल्या दिवशीचा होता. समोर बसून मी त्याच्या मागच्या पानावरची केशतेलाची जाहिरात पाठ करून टाकली. तो वाचत नव्हता, लपला होता. त्याचा मला राग आला नाही. मलाही एक पेपर मिळाला असता तर मीही तेच केलं असतं.

बोलली ती त्याची आई. "नोकरी आता पुरे. आमच्याकडे घरात हात कमी पडतात." आणि माझे वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "छे छे, नोकरी कसली! हौस म्हणून करते."

हौस! उन्हातान्हात पाड्यापाड्यांवर हिंडून मी पोरी शाळेत आणत होते. त्यांच्या आयांच्या हातापाया पडत होते. ती माझी हौस. मी तोंड उघडलं असतं तर त्या बैठकीत काहीतरी भयंकर बोलून गेले असते, म्हणून मी पोह्यांच्या रिकाम्या बशा गोळा करून आत गेले.

रात्री आई वडिलांना म्हणाली, "तिला विचारा तरी." वडिलांनी रेडिओचा आवाज वाढवला. आमच्याकडे तो रेडिओ नवा होता, भरतकामाची चादर पांघरून कोनाड्यात बसलेला. शेजारपाजारचे त्यावर बातम्या ऐकायला येत आणि वडील मोठ्या खुशीने ऐकवत. पण त्याचा खरा उपयोग घरातल्यांना ठाऊक होता. आईने एखादा विषय काढला की बटण उजवीकडे फिरे. मग दिल्लीचा कुणीतरी मोठ्या आवाजात बोलायला लागे आणि आई स्वयंपाकघरात निघून जाई. तरी तिने सकाळी काहीतरी पुन्हा म्हटलं असावं, कारण त्याशिवाय मला शनिवारची मुदत मिळाली नसती.

सोमवार ते बुधवार माझं मन थाऱ्यावर नव्हतं, हे कबूल करते. ठाणं मला आवडलं असतं. नळाचं पाणी, विजेचे दिवे. पण गुरुवारी वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता मला कळलं की मी नाही म्हणणार आहे. एकदा कळल्यावर मला घाम फुटला, कारण आता ते कळवायचं होतं.

गंमत अशी की त्या आठवड्यात मी चौथीला 'दळणवळणाची साधने' हाच धडा शिकवत होते. पोस्ट, तार, टेलिफोन, रेडिओ, वर्तमानपत्र. दिवसा मी ती पोरांकडून घोकून घ्यायची आणि संध्याकाळी खोलीत बसून एकेक साधन माझ्या कामासाठी तपासून बघायची.

पाकीट किंवा आंतरदेशीय पत्र मी आधीच बाद केलं होतं. आदल्या वर्षी मला ट्रेनिंगला जायचं होतं, तेव्हा मी वडिलांना चांगलं चार पानी पत्र पाकिटात घालून पाठवलं होतं. महिन्याभराने घरी गेले तर वडील म्हणाले, "पत्र? कसलं पत्र? आलंच नाही." क्वार्टरमधल्या सगळ्यांचं टपाल पार्सल ऑफिसात येई आणि तिथून वडीलच ते घरोघर पाठवत. मी पुढे काही विचारलं नाही. बंद पाकिटात घातलेली गोष्ट ज्याच्या हातात पडते त्याची होते, हे मला तेव्हापासून माहीत होतं.

कार्ड उघडं. ते तलासरीचे पोस्टमास्तर वाचणार, डहाणूचा पोस्टमन वाचणार. पूर्वी मला याची लाज वाटायची, त्या गुरुवारी मात्र तोच त्याचा गुण वाटला. नकार चारजणांनी वाचला तर तो गिळता येणार नाही. पण शनिवारपर्यंत कार्ड नक्की पोचेल याची ग्वाही पोस्टमास्तर देईनात, आणि पोचलं तरी पोस्टमन रेल्वेच्या बाबूविरुद्ध साक्ष द्यायला थोडाच उभा राहणार!

तार करायची तर आमच्याकडे तार म्हणजे मयत. तारवाला दारात दिसला की आई मजकूर ऐकायच्या आधीच खाली बसणार. शिवाय तार घेणारेही वडीलच. राहता राहिला फोन. तलासरीत एका शेठच्या वखारीत फोन होता, तिथून ट्रंक कॉल लावता आला असता. पण डहाणूला आमच्या क्वार्टरच्या जवळपास फोन होता फक्त त्या चिकूवाल्याकडे, ज्याने स्थळ आणलं होतं. म्हणजे त्यालाच सांगायचं की तुम्ही आणलेलं स्थळ मला नको. आणि इकडे वखारीत गवताच्या गाठी मोजणारा प्रत्येक माणूस कान टवकारून बसणार.

पंचायतीचा रेडिओ संध्याकाळी आवारात लागे. अर्ध्या लोकांना मुंबई केंद्र हवं असे, अर्ध्यांना अहमदाबाद, आणि त्यावरून रोज बाचाबाची चाले. मी खिडकीतून ती ऐकत होते. रेडिओवरून सगळ्या जगाचं येतं, आपलं काही जात नाही. माझ्या वडिलांना तो इतका का आवडतो तेही मला त्या खिडकीत उमगलं.

मग उरली यष्टी. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा तिचं पोस्ट म्हणजे यष्टीच. आठवड्यातून दोनदा ती डहाणूला कंडक्टरजवळ डबा द्यायची, कधी सुकी चटणी, कधी बोंबलाचं लोणचं. डब्याबरोबर तोंडी निरोप असे. "आई सांगते, केसाला तेल लावत जा." "आई सांगते, मंगळवारी उपास नको धरू." कंडक्टर ते निरोप गाडीच्या पायरीवरून साऱ्या स्टँडला ऐकू जातील असे सांगायचा आणि माझे निरोप तसेच तिकडे न्यायचा. आमच्या भागात सगळ्यांचंच असं चाले. बाळंतीण सुटल्याची बातमी, भाताचा भाव, कोर्टाची तारीख, सगळं कंडक्टरच्या तोंडून. तो कधी काही विसरायचा नाही. शिवाय त्याने सांगितलं म्हणजे ते सगळ्यांसमोर सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी आली तशी मी त्याला बाजूला घेतलं. तो पन्नाशीचा, पान खाणारा, घरातल्यासारखा माणूस होता. मी म्हटलं, "उद्या दुपारच्या गाडीने एक निरोप न्यायचाय. वडिलांना सांगायचं, पोरगी नाही म्हणाली."

"कशाला नाय बोलली?"

"ते त्यांना कळेल. ओट्यावर उभं राहून सांगा, चारजण ऐकतील असं."

त्याच्या लक्षात आलं. डहाणूत कुणाच्या घरी कधी पाहुणे आले हे त्याला माहीत नसेल असं शक्यच नव्हतं. त्याने पान थुंकलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, चटणीचा डबा वेगळा नि हा वेगळा. शुभकार्याच्या घरात जाऊन मी 'नाय' बोलू? माझ्या घरात पण पोरी हायेत. कागदावर लिवून द्या, मी नेतो."

"कागद नको. तोंडानेच."

"तुमच्या वडलांना मी नाय बोलणार. भितो मी त्यांना, खरा सांगतो. आईला सांगतो, मागल्या दारी, पाव्हणे यायच्या आधी. त्याच्यापुढं तुमचा तुम्ही बघा."

मी खूप विनवलं, तो बधला नाही. शेवटी मी हो म्हटलं, कारण दुसरा मार्गच नव्हता. पण मनात मी हरले होते. माझी आई पाहुण्यांसमोर कधी बोलत नसे. बाहेरच्या खोलीत ती यायची ती ट्रे घेऊन, आणि ट्रे ठेवून आत जायची. तिच्याजवळ दिलेला निरोप स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेल अशी मला आशा नव्हती.

तुम्ही म्हणाल, स्वतः का गेली नाहीस? शनिवारी शाळेची तपासणी होती. डेप्युटीसाहेब येणार होते आणि त्या दिवशी गैरहजर राहणाऱ्याची नोकरी जाते, असं हेडमास्तरांनी दोनदा बजावलं होतं. ज्या नोकरीसाठी नकार द्यायचा तीच घालवून बसायची, हा कुठला शहाणपणा? आणि खरं कारण हेही होतं की मी गेले असते तर त्यांनी मला नवी साडी नेसवून पाहुण्यांसमोर बसवलं असतं, आणि तिथे माझी जीभ उचलली नसती. माझा तापटपणा असा की एकटी असताना उफाळून येतो आणि वडील समोर आले की विझतो.

शनिवारी बरोबर बाराला गाडी सुटल्याचा भोंगा मी वर्गातून ऐकला. साहेब माझ्याच वर्गात होते. त्यांनी विचारलं, "दळणवळणाची साधनं कोणती?" पोरांनी घोकल्याप्रमाणे सगळी सांगितली. साहेब मजेत आले होते. म्हणाले, "मग इतकी साधनं कशाला? एकाने भागलं नसतं का?"

पोरं माझ्याकडे बघायला लागली. हे पुस्तकात नव्हतं. माझं अर्धं लक्ष त्या गाडीत होतं. शेवटी मागल्या रांगेतली एक पोरगी उठली आणि म्हणाली, "साहेब, मेल्यावर तार. जित्याला कार्ड."

साहेब पोट धरून हसले. हेडमास्तरही हसले, साहेब हसले म्हणून. मी हसले नाही. माझा निरोप या दोहोंत कुठे बसतो ते मला ठरवता येत नव्हतं. तपासणी उत्तम झाली असं साहेब जाताना म्हणाले, आणि हेडमास्तरांच्या बायकोने आनंदाने शिरा केला.

संध्याकाळी तीच गाडी डहाणूहून परत यायची. मी स्टँडवर जाऊन उभी राहिले. कंडक्टर येईल, पायरीवरून काहीतरी ओरडेल. ते काय असेल याची मी सगळी रूपं मनात करून पाहिली होती. गाडीची वेळ टळली. पंचायतीचा रेडिओ लागला, भांडण झालं, मिटलं. दिवे लागले. या वेळी तिकडे पाट मांडले असतील, सुपारी ताटात ठेवली असेल. गाडी आलीच नाही. अच्छाडकडे जाणारा एक ट्रक पाणी घ्यायला थांबला, त्याचा ड्रायव्हर कुणाला तरी हिंदीत सांगत होता की चारोटीच्या अलीकडे एक यष्टी पाटा तुटून पडली आहे, दुपारपासून.

दुपारपासून!

मी खोलीत येऊन दार लावून घेतलं. आपल्यावर अन्याय झाला असंही म्हणता येईना. कुणी फसवलं नव्हतं, कुणी पत्र दडपलं नव्हतं. लोखंडाची एक पट्टी तुटली होती आणि त्यामुळे मी ठाण्याच्या एका पेपरवाल्याची बायको होणार होते. हेडमास्तरांची बायको जेवायला बोलवायला आली तेव्हा मी तिच्यावर इतकी खेकसले की ती बिचारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

रविवारी पहिली गाडी धरली. काय करायचं ठरवून निघाले होते असं नाही. सुपारी फुटली की शब्द गेला, आणि वडिलांचा गेलेला शब्द परत आणणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. तरी निघाले. चारोटीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ती यष्टी तशीच कलंडून उभी होती आणि तिच्या सावलीत आमचा कंडक्टर पिशवी उशाशी घेऊन बसला होता. आमची गाडी हळू झाली. खिडकीत मला बघताच तो उठून धावत आला.

"बाई, मी पोचलोच नाय! रातभर हितंच हाय. गाडी सोडून जायचा नाय असा हुकूम हाय. कुनाला सांगावा तर तसा माणूस भेटला नाय." आणि त्याने सगळ्यांदेखत हात जोडले. गाडीतली माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी त्याला "असू द्या" म्हटलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. आशागड येईपर्यंत मी रडत होते.

घराचं दार उघडंच होतं. वडील आरामखुर्चीत. रेडिओ बंद. ताटात नारळ होता, अख्खा, आणि त्याच्या शेजारी सुपारी, तीही अख्खी. मी चप्पल काढत होते तेवढ्यात वडील भिंतीकडे बघत म्हणाले, "या. पोचला हो तुमचा निरोप."

मला वाटलं, ते टोचून बोलतायत.

"पाहुण्यांसमोर! चहा हातात असताना! नाहीच म्हणायचं होतं तर मला एक कार्ड टाकता आलं नसतं? कंडक्टरकरवी? गावभर व्हायला हवं होतं ना? झालं." त्यांचा आवाज चढला आणि मधेच बसला. "तुझी आई बाहेर येऊन उभी राहिली. ट्रे न घेता."

एवढं बोलून ते उठले आणि टोपी न घालताच बाहेर पडले. कंडक्टर तर चारोटीला होता. मी आत गेले.

आई चुलीपुढे बसून रव्याचे उरलेले लाडू डब्यात भरत होती. डोळे सुजलेले होते, पण हात नेहमीसारखे चालत होते. मी दार लोटून घेतलं.

"आई, कंडक्टर आला नव्हता."

"ठाऊक आहे. डबा कुठे गेला माझा काल? इथेच आहे."

"मग तू बाहेर जाऊन काय सांगितलंस?"

"सांगितलं, पोरीचा निरोप आलाय मागल्या दारी, कंडक्टर देऊन गेला. पोरगी नाही म्हणते."

मी तिच्यासमोर खाली बसले. मी म्हटलं, "पण मी नाही म्हणणार हे तुला कसं कळलं?"

"मला कुठे कळलं?" ती म्हणाली. "तुझं काय होतं ते देव जाणे. मी माझं सांगितलं."

मला राग आला, लपवत नाही. सुटका झाली होती, आणि तरी आला. वडिलांनी मला न विचारता होकार धरला होता, हिने न विचारता नकार दिला होता, दोन्हीकडे नाव माझं. मी जवळजवळ ओरडलेच, "आणि माझं हो असतं तर?"

आईने डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं का ते दाबून पाहिलं.

"हो असतं तर तू आली असतीस नि माझ्याशी भांडली असतीस. तुला येतं बोलायला," ती म्हणाली. "मी माझ्या नावाने बोलले असते तर त्यांनी रेडिओ लावला असता."